दोन गुणांचं कुंपण

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस. माझ्या बायकोने, ब्रॉनने, सकाळी पुढच्या अंगणाच्या तारेच्या जाळीच्या कडेने स्वीट पीच्या फुलवेलीचं बी पेरलं. तिची आईही याच दिवशी पेरायची. बी पेरून झाल्यावर मी तिला निर्णय सांगितला. जाळी जाणार. या वर्षी कुंपण.

पुरावा माझ्या टेबलावर आहे. गेल्या ऑक्टोबरच्या बागस्पर्धेची गुणपत्रिका. दहापैकी आठ. बाग ब्रॉनची, म्हणजे बागेत खोट नाही. उरली जाळी. दोन गुण जाळीने खाल्ले. मी एकोणतीस वर्षं शाळेत तांत्रिक चित्रकला शिकवली आहे. गुण कुठे जातात ते मला कळतं.

ब्रॉन अकरा वर्षं स्पर्धेत उतरते आहे. स्पर्धेच्या फिरत्या चषकावर तिच्या आईचं नाव कोरलेलं आहे. ती त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. म्हणजे तिला तो फार हवा आहे. आता मी लक्ष घातलं आहे.

ती म्हणाली, क्लेम, हे काल सांगितलं असतंस तर?

२ एप्रिल

संकल्प. एक, घाई करायची नाही. दोन, महिनाअखेर कुंपण उभं. तीन, सगळ्यांचं मत विचारायचं, कुणाचं ऐकायचं नाही.

पांढऱ्या टोकदार फळ्या बाद. रस्त्यावर सगळ्यांकडे आहेत. घर दात दाखवतंय असं वाटतं. काटक्यांचं कुंपण बाद. त्याला हजामतीची गरज भासते. गंजवलेलं पोलाद विचाराधीन. आधुनिक आहे.

हार्डवेअरच्या दुकानात मर्व्हला विचारलं. तो म्हणाला, गंजलेला पत्रा हवाय ना, दोस्ता? माझ्या शेडचं छप्पर घेऊन जा, वर दोन पाली देतो. मर्व्हला आकृतिबंध कळत नाही.

२१ एप्रिल

नऊ नमुने आणले. आयरिसच्या वाफ्यात ओळीने उभे केले. सकाळच्या उजेडात पाहायला हवेत. ब्रॉनने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, चार.

शेजारची नेस्टा पेंगेली बाहेर आली. वय एक्क्याऐंशी. तिच्या अंगणाला कुंपणच नाही. तिच्या आणि आमच्या मध्ये फक्त लव्हेंडरची एक रांग. अंगणात वाळकं गवत आणि ट्रॅक्टरचा एक टायर. ती म्हणाली, काय रे क्लेम, दुकान टाकलंस? मी हसून सोडून दिलं. टायरवाल्या माणसाशी काय वाद घालायचा.

९ मे

नमुने अजून उभे आहेत. ऋतू बदलला, उजेड बदलला, पुन्हा पाहावं लागतंय. वाफ्यातले आयरिस दिसत नाहीत. ब्रॉन म्हणाली, नाहीतरी गड्डे वेगळे करायचेच होते. बरं झालं. आणखी तीन नमुने मावतील.

स्वीट पीची रोपंही जाळीजवळ नाहीत. गोगलगाई असाव्यात. यंदा फार आहेत.

४ जून

निर्णय. लाकडी पट्ट्या, आडव्या, गडद. उंची सहा फूट. आजपासून बदल नाही.

ब्रॉन म्हणाली, सहा फुटी कुंपणापलीकडून बाग कशी दिसेल? मी म्हटलं, दिसणार नाही, तेच तर. कुतूहल. ती म्हणाली, नेस्टाकडे बघ, कुतूहल नाही, पण रस्त्यावरून सगळं दिसतं. मी म्हटलं, तिथे दिसायला आहे काय? ब्रॉन चहा ओतत राहिली. पटलं असावं.

५ जून

पट्ट्या उभ्या.

७ जून

आडव्या.

२८ जून

रंग. चौदा प्रकारचे काळे. प्रत्येकाची एक फळी रंगवून गुलाबांच्या वाफ्यात आडवी टाकली. 'ओली पाटी' आणि 'वादळाआधी' यांत फरक आहे हे मला दिसतं. ब्रॉनला दिसत नाही. मर्व्ह म्हणाला, दोन्ही एकाच डब्यातले आहेत, मित्रा, लेबल मीच चिकटवतो. हा त्याचा विनोद.

गुलाबांच्या जागी खड्डे आहेत. ब्रॉन म्हणाली, गुलाब हिवाळ्यात हलवतात. आमच्याकडे जून म्हणजे हिवाळाच. कुठे हलवले ते विचारायचं राहिलं.

नेस्टाने टायर काढला. अंगण खणून घेतलंय. या वयात एवढा उत्साह बरा नव्हे.

३ ऑगस्ट

स्पर्धेचा अर्ज ब्रॉनने भरून आणला. मी सही केली. वाचला नाही, पट्ट्यांमधल्या फटीचं गणित चाललं होतं. बारा मिलिमीटर की पंधरा. बारात गूढ आहे. पंधरात हवा.

२४ ऑगस्ट

खांब उभे. काँक्रीटचं पाणी वाहत जाऊन अझेलियाच्या झुडपांना बाधलं असतं, पण अझेलिया तिथे नव्हत्याच. नशीब.

लव्हेंडरची रांगही जाणार. तिथेही कुंपण हवं. चौकट एका बाजूने उघडी असली तर ती चौकट नव्हे. लव्हेंडर उपटायला गेलो तर ती आधीच गेलेली. ब्रॉनचं सहकार्य आता वाढलं आहे.

ढकलगाडी सापडेना. नेस्टाकडे निघाली. ब्रॉनही तिथेच. आमचा कुत्राही. म्हातारीला हात देतेय म्हणाली. तिच्या मनाचा मोठेपणा मला नेहमीच आवडत आला आहे.

१२ सप्टेंबर

मी शिडीवर असताना मॅगपाय पक्ष्याने मागून तीनदा हल्ला केला. वर निलगिरीच्या झाडात त्याचं घरटं आहे. आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घातला, मागच्या बाजूला दोन डोळे रंगवले. 'वादळाआधी'ने. उपाय लागू पडला.

पलीकडून नेस्टा ओरडली, क्लेम, राजा, मागून जास्त हुशार दिसतोस!

आता पलीकडचं दिसत नाही. ऐकू मात्र येतं. दोघी फार हसतात.

३० सप्टेंबर

कुंपण पूर्ण.

शब्द कमी पडतात. संध्याकाळी एक तास आतून पाहिलं. पट्टी, फट, पट्टी.

फाटकही झालं. कडी अप्रतिम बसते. फक्त बाहेरून लागते आणि बाहेरूनच निघते. मी आराखडा समोरून काढला होता, त्यामुळे कडी समोर आली. मुलांना नेहमी सांगायचो, समोरून नीट काढलंत की मागचं आपोआप जमतं. मर्व्ह म्हणाला, तुरुंगातही अशीच असते. एवढ्याशा गोष्टीसाठी आता लाकूड उचकटणार नाही. घरातून रस्त्यावर जायला दुसरी वाट नाही, म्हणून आत असलो की फाटक उघडं ठेवेन.

आत सध्या माती आहे. आणि एक लिंबाचं झाड, ते हलत नाही म्हणून. परीक्षकांना मोकळ्या जागेचा अर्थ समजावून सांगावा लागेल. मुद्दे काढले. एकवीस झाले.

कुठूनतरी स्वीट पीचा वास येतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ८. परीक्षण आज. मुद्दे पाठ आहेत. मॅगपायमुळे डबा घालावा लागेल.

९.१०. ब्रॉन नवा ड्रेस घालून निघाली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, इथेच. जाताना फाटक ओढून घेतलं. सवयीने.

९.३०. बाहेर मोटार थांबली. मिसेस ट्रेझाइझचा आवाज. मुख्य परीक्षक, गेल्या वर्षीच्याच. फाटक उघडायला गेलो. कडी लागलेली. वाऱ्याने असेल.

९.३५. वारा नाही.

९.४०. आवाज नेस्टाच्या अंगणात. चुकून तिकडे गेल्या असाव्यात. कुंपणापलीकडून हाक मारली. पहिला मुद्दा मोठ्याने सांगितला. उत्तर नाही. बारा मिलिमीटरमधून आवाज जात नाही. पंधरा ठेवायला हवे होते.

९.५५. शिडी लावली. मॅगपाय आला. उतरलो.

१०.१५. मोटार गेली.

१०.२०. ब्रॉनने कडी काढली. म्हणाली, अरे, तू आत होतास?

१४ ऑक्टोबर

निकाल. पहिला क्रमांक: पेंगेली यांचं अंगण. बाग: ब्रॉनविन हॉस्किंग. दहापैकी दहा. अर्जावर पत्ता नेस्टाचा होता. सही माझी.

तिकडे जाऊन पाहिलं. आयरिस, गुलाब, अझेलिया, लव्हेंडर. स्वीट पी माझ्याच जुन्या जाळीवर चढलेली. जाळी तिथे कशी गेली ते कुणी सांगितलं नाही. ती दिसतच नाही, एवढी फुलं.

चषक नेस्टाच्या खिडकीत होता. ब्रॉन त्यावरून बोट फिरवत होती. तिच्या आईच्या नावावरून. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. मुद्दे होते.

मिसेस ट्रेझाइझ चहाला आल्या होत्या. त्यांना विचारलं, गेल्या वर्षीचे दोन गुण जाळीचेच ना? त्या म्हणाल्या, जाळी? कुठली जाळी? अहो, ते दोन गुण तुमचे गेले. आम्हाला पाऊण तास उन्हात उभं करून तुम्ही मातीचा उतार समजावलात. माझ्या सहपरीक्षकाला भोवळ आली. मग म्हणाल्या, यंदा मात्र फार शांतता होती. कुंपणावरून एक आइस्क्रीमचा डबा तेवढा येरझाऱ्या घालत होता. त्याला डोळे होते.

१५ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. दोन गुण परत मिळाले. ते कुंपणामुळे मिळाले. म्हणजे माझं मूळ निदान बरोबर होतं.

नेस्टाच्या बाजूची एक पट्टी काढली. तात्पुरती. तिथून खिडकी दिसते, चषकही दिसतो. ब्रॉनने त्या फटीतून चहाचा कप दिला. सात महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाली, क्लेम, कुंपण खरंच छान झालंय. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हात लावू नकोस.

मी म्हटलं, फाटकाला आतून एक कडी बसवून घेतो.

ती म्हणाली, घाई काय आहे?