समान उबेचा पिंजरा

तीर्थरूप ताईला,

साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. तो आता जिना चढू देतो की अजून अडवून धरतो, ते सविस्तर कळव. भावजींचा खोकला थांबला असेलच. (नसेल तर त्यांना म्हणावं, मी भाषणाआधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो तशा करा. सध्या मला गुळण्यांची गरज पडत नाही. का पडत नाही, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या लेकीचा सरडाही आहे. त्याच्या बाबतीत 'मजेत' हा शब्द मी मुद्दामच वापरलेला नाही.

तू पाल दिसली तरी खुर्चीवर चढतेस, म्हणून तर भाचीने नोकरीच्या प्रशिक्षणाला जाताना तो माझ्या गळ्यात मारला. पुरुषभर उंच, कपाटासारखा जाळीचा पिंजरा, आत फांद्या आणि पानं, आणि सगळ्यात वरच्या फांदीवर हा हिरवा गृहस्थ. एक डोळा माझ्यावर, दुसरा भिंतीवरच्या घड्याळावर. मी आजवर ज्या ज्या सभेत बोललो तिथल्या प्रत्येक अध्यक्षाची नजर अशीच होती, म्हणून मी त्याचं नाव अध्यक्ष ठेवलं. तसा मी सरडा घरात घ्यायला तयार झालो हेच नवल. शब्द फिरवणाऱ्यांना, खुर्ची पाहून बाजू बदलणाऱ्यांना मी व्यासपीठावरून काय म्हणत आलो ते तुला पाठ आहे. त्या एका शब्दावर हमखास टाळी पडते. माणसाने एका रंगाचं असावं, हे माझं जुनं मागणं.

निघताना भाचीने मला पिंजऱ्यापाशी उभं करून सगळं समजावलं. उबेचा दिवा एकच, तोही सगळ्यात वर आणि जाळीच्या बाहेर. शेजारी उन्हासारखा उजेड देणारी लांब नळी. खाली काही नाही, तिथे गारवा आणि सावली. "मामा, ऊन हवं असलं की तो वर येतो, नको झालं की खाली जातो. ते त्याचं तो ठरवतो." आता तूच सांग ताई, वरच्या फांदीला ऊन, मधलीला त्यातलं उरलंसुरलं आणि तळाला अंधार, ही रचना मी ओळखणार नाही? हिच्याविरुद्धच तर मी कारखान्याच्या फाटकापासून वाचनालयाच्या सभागृहापर्यंत घसा फोडत आलो! मी तिथल्या तिथे सुरू झालो. जगाच्या इतिहासातले दाखले दिले. भाचीने बॅग उचलली आणि म्हणाली, "तू फक्त दिव्यांना हात लावू नकोस." (मी तेव्हा अगदी मुद्द्यावर येत होतो, त्यामुळे हे वाक्य मला आता, सगळं झाल्यावर, नीट ऐकू येतं.)

ती गेली आणि मी वायरमनला बोलावलं. तो आमच्या संघटनेचा जुना सभासद, माझ्या भाषणांवर वाढलेला. मी त्याला प्रश्न तात्त्विक बाजूने समजावून सांगितला. त्याने डोळे पुसले आणि वरपासून तळापर्यंत प्रत्येक फांदीशेजारी, जाळीच्या आत, एकेक उबेचा दिवा बसवून दिला. कुठल्याही फांदीवर अन्याय नाही. मी बटण दाबलं आणि पिंजरा असा उजळला की शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, "काय हो, घरात कार्य आहे का?" मी म्हणालो, आहे. (तू म्हणशील, एवढं वाचतोस, तर सरड्यावरचंही काही वाचायचं होतंस. ताई, समतेवरची पुस्तकं माझ्याकडे कपाटभर आहेत. त्यांत कुठेही सावलीबद्दल एक ओळ नाही.)

त्याच आठवड्यात माझं मोठं भाषण होतं आणि मी तालमीला अध्यक्षांसमोर उभा राहत असे. असा श्रोता मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. सुरुवातीलाच त्याचा रंग गडद झाला. मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचलं. मग तो फांद्यांवरून खाली, वर, पुन्हा खाली जायला लागला. मला वाटलं, विचारांनी अस्वस्थ केलं. भाचीचा फोन आला तर मी अभिमानाने सांगितलं, "तुझे अध्यक्ष आता वरची जागा सोडून तळागाळात मिसळतात." ती म्हणाली, "तळाला? एवढा वेळ?" आणि मी, ताई, विषय बदलला. शेवटच्या दिवशी तर त्याने मधल्या दिव्याला बिलगून तोंड वासलं ते वासलंच. आ वासून ऐकणं हे मी आजवर बोलण्याच्या ओघात म्हणत आलो होतो, त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं आणि मला दुप्पट चेव आला. मी मूठ आपटून समारोप करत होतो तेवढ्यात तुझी भावजय कपडे घड्या करता करता दारात आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, तो ऐकत नाहीये. तो धापा टाकतोय." आणि तिने सगळ्या वायरी एका हिसक्याने उपटल्या.

पाठीवर, उजव्या कुशीला, भाजलं होतं. दिवा अंगाला लागला तरी त्या जिवाला लवकर कळत नाही म्हणे. (आणि मला समोर उभं राहून कळलं नाही, त्याला काय म्हणायचं?) जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि विचारलं, "आत दिवे कुणी लावले?" ज्या माणसाने भरसभेत मंत्र्याला नाव घेऊन जाब विचारला, तो माणूस म्हणाला, "वायरमनने." मग बाई म्हणाल्या, जीव वाचेल, खायला लागेल, पण डाग जाणार नाही. आणि तेवढ्या जागेचा रंग आता कधी बदलणार नाही.

मी दिवे काढले. वर एक, जाळीबाहेर. नळी तिच्या जागी. खाली सावली. आता तो सकाळी वर चढतो, अंग शेकतो, मग एकेक पाय मोजल्यासारखा टाकत खाली उतरतो. थंडी असेल तर गडद, निवांत असेल तर पोपटी. सगळं अंग बदलतं, फक्त कुशीला रुपयाएवढा काळपट ठिपका तसाच राहतो. मी आयुष्यभर मागत आलो तो एकच रंग हाच. (यावर चांगलं भाषण होईल. ते मी करणार नाही. परवाची सभाही घसा बसल्याचं कळवून रद्द केली. घसा उत्तम आहे.)

भावजींना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि तुला पुन्हा एकदा साष्टांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाची रविवारी त्याला न्यायला येते आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज फोनवर सांगायला तोंड उघडतो आणि ते अध्यक्षांसारखं उघडंच राहतं. म्हणून गुडघा कसाही असला तरी तू शनिवारीच ये. ती पिंजऱ्याशी जाईल तेव्हा तू तिच्याजवळ उभी राहा आणि माझ्या वतीने तू बोल. मला जमणार नाही. खुर्ची मी आधीच तिथे आणून ठेवतो, तू तिच्यावर चढून बोललीस तरी चालेल.

आणखी ता. क. शब्द फिरवणाऱ्यांसाठी मला आता दुसरा शब्द हवा आहे. सुचला तर येताना घेऊन ये.

शेवटचं ता. क. डागाची कूस भिंतीकडे येईल असा त्याला बसवून पाहिला. तो वळतो.