सहभागी क्रमांक सात

४ फेब्रुवारी
बायकोच्या थोबाडीत मारली. एकच. पण पूनमचं डोकं फ्रिजच्या कडेवर आपटलं आणि रक्त आलं. कशावरून? डबा भरला नव्हता म्हणून! आई आतून ओरडली, "हळू रं! भाडेकरी ऐकत्याल." हिला भाडेकरूंची काळजी! पूनमनं स्वतःच हळद दाबली. मग डबा भरून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ फेब्रुवारी
डॉ. मैत्री मॅडमचा फोन! दोन वर्षांपूर्वी त्या बायकोवर हात उचलणाऱ्या पुरुषांचा वर्ग घ्यायच्या. सासऱ्यांनी अट घातली म्हणून मी गेलो. लांब श्वास घ्या, मनात आकडे मोजा, मनातलं कागदावर काढा. लिहायची सवय तेवढी राहिली.

त्या वर्गावर मॅडमनी इंग्रजीत शोधनिबंध छापला. त्यात मी आहे — 'सहभागी क्रमांक सात'. मॅडम एकदम खुशीत. "जयदीप, परदेशातले अभ्यासक आपल्या निबंधाचा दाखला देतायत! आणि सगळ्यात जास्त तुमच्या केसचा!" त्यांची प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखत आहे, निबंध गाजतोय ते कामाला येणार. चाकणला एका कंपनीत माझं भाषण ठेवलंय. हो म्हणालो. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

७ फेब्रुवारी
ओंकार कंपनीत माझ्याच लाइनवर क्वालिटीला, माल तपासायला आहे, इंग्रजी बरं आहे त्याचं. कॅन्टीनमध्ये त्याच्याकडून निबंध वाचून घेतला. त्यात लिहिलंय, सात नंबरनं वर्ग संपल्यापासून एकदाही हात उचललेला नाही. पुरावा — बायकोची मुलाखत. "भावा, तू तर फेमस झालास राव!"

मुलाखत झाली खरी. मॅडमची विद्यार्थिनी सायली घरी आली होती. मी दारातच खुर्ची टाकून बसलो. पूनम माझ्याकडं बघायची, मग उत्तर द्यायची. सायली खाली मान घालून लिहीत होती. जाताना म्हणाली, "ताई, नशीबवान आहात."

१३ फेब्रुवारी
पूनमनं विचारलं, "भाषणात काय सांगणार?" बस, एवढंच. ओठ हलले तिचे, हसली असं वाटलं मला. डोक्यात तिडीक गेली. पट्टा काढला.

मॅडमनी शिकवलेले आकडे आठवले. मोजले की! मोजत मोजतच मारलं.

मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मी माणूस नाही. आई दार वाजवत होती — "आरं, टाकी संपंल!"

१८ फेब्रुवारी
भाषण झालं. हॉल भरलेला, सगळे शिफ्टवाले. बोलता बोलता खरंच रडू आलं. कडाडून टाळ्या! मॅडमनी पाठीवर हात ठेवला. पूनम पहिल्या रांगेत, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. तिनं पण टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मागून, सावकाश.

१९ फेब्रुवारी
पेपरात फोटो आलाय! मी आणि मॅडम. आईनं कात्रण देवघरात ठेवलं.

२० फेब्रुवारी
पूनम पोलीस चौकीत गेली. मी कंपनीत असताना!

चौकीतून मला फोन. तसाच निघालो. तर तिथल्या हवालदार बाई उठून उभ्या राहिल्या — "तुम्हीच ना ते पेपरातले?" चहा मागवला. पूनमला म्हणाल्या, "अहो, यांच्यावर संशोधन झालंय. डॉक्टर मॅडम खोटं लिहितील का? संशयी स्वभाव बरा नाही. घरी जा." पूनमनं बाही वर केली होती. बाईंनी बघितलं, म्हणाल्या, "जुनं दिसतंय."

गाडीवर ती मला न धरता बसली. कॅरिअर धरून.

घरी आल्यावर मनगट पिरगाळलं. कट्ट आवाज आला. सोडलं नाही लगेच.

२१ फेब्रुवारी
प्लॅस्टर. डॉक्टरला सांगितलं, जिन्यात घसरली. आता भीती वाटते. तिची नाही, माझीच. एक दिवस हिचा जीव जाईल माझ्या हातून.

२३ फेब्रुवारी
पूनमनं खालच्या भाडेकरू कमरुन्निसाभाभींच्या मोबाईलवरून मॅडमना फोटो पाठवलेत. पाठ, दंड, प्लॅस्टर, सगळं. मला तिनंच सांगितलं, डोळ्यात डोळे घालून. "मॅडमना आता खरं कळलंय. मार आता काय मारायचं ते." हात उचललाच गेला नाही माझा.

२४ फेब्रुवारी
सकाळी मॅडमचा फोन. ठरवलं — पूनमसमोरच सगळं कबूल करायचं, मग जेल होऊ दे. फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, ते फोटो खरे आहेत," म्हणालो. तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, "जयदीप, शुक्रवारी माझी मुलाखत आहे. तोपर्यंत पूनमला घराबाहेर पडू देऊ नका."

पूनम समोरच बसली होती.