दोन चौकटींमधली रेघ

१८ मार्च, सोमवार

कपाटं गेली! नगरपालिकेच्या दफनखात्यातली माझी कार्डांची कपाटं. दोघं आले, लोखंडी भंगार उचलावं तशी उचलून घेऊन गेले. "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, पोलिक्सेनीबाई." हा फानिस. अथेन्सहून आलेला नवा साहेब. वय अठ्ठावीस, बुटांत मोजे नाहीत. ह्याच्याकडून मी रिपोर्ट काढायला शिकायचं! निवृत्ती तोंडावर आली असताना!

शिकणार. अगदी मन लावून शिकणार. का, ते त्याला कळायची गरज नाही.

१९ मार्च

इथे लिहून ठेवते.

आईला एप्रिलमध्ये तीन वर्षं होतात. मेल्यावर कायमचं पडून राहायला आमच्या गावात जागा आहे कुठे! तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची, पेटीत भरून अस्थिघरात ठेवायची. घरचं कुणी आलं नाही तर सगळ्यांच्या एकत्र खड्ड्यात. तारीख भरली की दफनभूमीवरची माणसं कबर उघडतात. आमच्या खात्याने फक्त यादी काढून नातेवाइकांना फोन करायचे.

आईच्या नावापुढे नातेवाईक म्हणून आर्गिरिस असणार. माझा भाऊ. दफनाच्या दिवशी कागदांपाशी तोच मिरवत होता. चाळिसाव्या दिवशी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर कॉफी पिता पिता, सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तू काय केलंस आईचं?" मी! जिने तिची अंथरुणं धुतली! तेव्हापासून बोलणं बंद. तो मला कळवणार नाही, मरेपर्यंत नाही. म्हणून ती यादी माझ्या हातात हवी. नाव आलं की त्याच्या आधी मी तिथे. तिची हाडं मीच धुणार.

तिची नोंद सरळ उघडून बघता येते. नाही बघत. कपाटं होती तेव्हाही तिचं कार्ड मी कधी काढलं नाही. आर्गिरिसचं नाव बघून सकाळ कशाला नासवू? यादीत येईल तेव्हा येईल.

२७ मार्च

"हळू, बाई! पीठ मळताय का?" माउस धरलाय तर म्हणे पीठ.

इकडे एक चौकट – कबरी. तिकडे दुसरी – नातेवाईक. दोन्ही पडद्यावर ओढून आणायच्या आणि कबर क्रमांकापासून कबर क्रमांकापर्यंत रेघ ओढायची. की चौकटी एकमेकींना ओळखायला लागतात. मला गंमत वाटली, पण चेहरा आंबटच ठेवला.

रेघेवर दोनदा टिचकी मारली तर एक बारकी खिडकी उघडते. त्यात तीन पर्याय. हे काय, विचारलं. "ते राहू द्या. पहिला असतो तोच ठीक."

२ एप्रिल

अट घालायला शिकले. दफनाची तारीख अधिक तीन वर्षं. "कमाल आहे तुमची!" म्हातारीला जमलं, ह्याची कमाल.

१२ एप्रिल, शुक्रवार

पहिली यादी! सबंध माझी. कागद हातात गरम लागत होता.

आई नाही त्यात. पुन्हा वाचली. नाही. मंगळवारीच तर तीन वर्षं भरली! म्हणजे आर्गिरिसने पैसे भरून वर्षाची मुदत वाढवून घेतली. ह्याला पैसे सुटले! तिच्या औषधांच्या वेळी हात खिशात जाता जात नव्हता. आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

फानिस यादी घेऊन टेबलाटेबलांवर फिरला. "बघा, एकही कपाट नसताना!" मला आवडलं. खोटं कशाला लिहू, फार आवडलं.

२८ एप्रिल, ईस्टर

दोन लाल अंडी घेऊन माझ्याच दोन हातांनी एकमेकांवर आपटली. ज्याचं टिकेल तो जिंकतो. डाव्या हातातलं फुटलं. जिंकले म्हणायचं.

१३ मे

दुसरी यादी. आई नाही. बस आता वर्षभर.

२० मे, सोमवार

उरानियाबाई खिडकीशी आल्या. लाकूडवखारीतल्या मानोलिसबरोबर जन्म काढला, लग्न केलं नाही. तो गेल्यापासून दर शनिवारी तेलाची बाटली घेऊन दिवा लावायला जातात. परवाही गेल्या. कबर उकरलेली, क्रॉस भिंतीला टेकवून ठेवलेला.

"माझा माणूस कुठाय?"

दफनभूमीवरच्या दोसिसला फोन लावला. "तुमच्या यादीत नव्हता, बाई. तारीख भरली, कुणी आलं नाही, खड्ड्यात घातला. कार्डं होती तेव्हा ज्यांना कुणी नाही त्यांच्या क्रॉसवर लाल चिठ्ठी लावायला तुम्हीच पाठवायचात. ती बघून कुणी ना कुणी यायचं. हल्ली चिठ्ठ्या येत नाहीत. मला वाटलं, बंद झालं ते."

उरानियाबाईंना खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"कागदावर मी त्याची कुणी नाही, ठाऊक आहे मला. पण मी होते ना गं! दर शनिवारी तिथेच होते."

२१ मे

फानिसला धरलं. म्हणाला, "बरोबर. ती रेघ दोन्हीकडे जुळणारेच दाखवते. समोर नातेवाईक नसेल तर ती कबर यादीत येतच नाही. दुसरा पर्याय घ्यायचा – डावीकडच्या सगळ्या, समोर कुणी असो वा नसो."

मग सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं होतं! राहू द्या म्हणालास!"

त्याने फोन कानाला लावला. वाजला नव्हता तो.

रेघ बदलली. एप्रिलपासूनची यादी पुन्हा काढली. कितीतरी लांब निघाली. मानोलिस होता. समोर कोरं. आणखी कोण कोण होते, समोर कोरं, कोरं.

आणि गारिफालिया. माझी आई. नातेवाइकाची जागा कोरी. शेवटच्या रकान्यात – रिकामी केली, ६ मे.

मुदत कुणी वाढवली नव्हती. आर्गिरिसचं नावच नव्हतं. त्याने घातलं असेल म्हणून मी घातलं नाही. तीन वर्षं त्या कोऱ्या जागेला शिव्या देत बसले.

२२ मे

जाऊन आले. खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे. दोसिस टोपी हातात घेऊन उभा. "तुमची आई आहे हे मला कळलं असतं तर..." त्याला कसं कळणार. यादी माझी होती.

रडू आलं नाही. आईची माफी मागितली, झाकणाकडे बघून. मूर्खासारखी.

२३ मे

आर्गिरिसला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"आईची तारीख आली ना गं? वाइन केव्हाची आणून ठेवलीय, पेटीसुद्धा. तू त्याच खात्यात, सह्याबिह्या तूच केल्या असशील, म्हणून मी निर्धास्त होतो. म्हटलं, रागावली असली तरी ह्याच्यासाठी बोलावेल. सांग, केव्हा येऊ?"