डिव्हायडरमधला गॅप

सोमवार, ३ नोव्हेंबर

म्हणे डिव्हायडर! आपल्या सुरतेतल्या उधन्याच्या रस्त्यावर, माझ्या खानावळीच्या दारासमोरून, कमरेइतका उंच बांधणार. अलीकडे आम्ही, पलीकडे कापडाच्या लूमचे कारखाने. ओलांडायचं तर थेट सर्कलला वळसा. माझे डबे पोचवतात लोटूमामा — सत्तरीचे, पायी, गुडघे आधीच कुरकुरणारे. डबे उशिरा गेले तर गिऱ्हाईक टिकेल? मी काय डिव्हायडरवर बसून भजन करू?

माझा भाऊ हेमराज म्हणतो, "गुरुवारी लोकसुनावणी आहे. जनतेचं मत घेणार आहेत." घेणार कधी, तर सकाळी अकराला! दिवसपाळी कारखान्यात, रातपाळी अंथरुणात. मग जनता म्हणजे आम्ही बायका, लोटूमामा आणि चौकातलं कुत्रं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

झाली सुनावणी. नाक कापून घेतलं!

अहमदाबादहून रस्त्यांचे तज्ज्ञ साहेब आले होते. मी पदर खोचून भांडायला उठणार, तोच लोटूमामांनी पिशवीतून टोपी, उपरणं, नारळ काढला! "पाव्हना उना म्हंजे सत्कार करनंच पडस." घातली टोपी. आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. फोटोही निघाला. आता ज्याला आत्ताच टोपी घातली त्याच्यावर ओरडायचं कसं?

शेवटी मीच म्हटलं, खानावळीसमोर गॅप ठेवा. साहेब समजावत बसला — "बेन, पुलावरून उतरणाऱ्या गाड्यांना इथे माणूस दिसतच नाही. गॅप पुढे बँकेपाशी देतो, सिग्नलसकट." बँकेपाशी! लोटूमामांनी विचारलं, "आन् मन्हा गुडघा?" साहेबाला अहिराणी येत नाही. हसला आणि पाणी प्यायला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पेपरात फोटो. वर मथळा — रहिवाशांची डिव्हायडरला आनंदाने संमती! मामांनी कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. माझं डोकं फिरलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गल्लीतल्या सगळ्या बायका रिकामे डबे घेऊन महापालिकेच्या ऑफिसवर धडकलो. चमच्यांनी असे बडवले की शिपाई पळाला. शेजारची शोभा तर नाचलीच. कॉर्पोरेटर धावत आला — निवडणूक तोंडावर ना! "ताई, तुम्ही सांगाल तिथे गॅप!"

तिथे आलेल्या अहमदाबादच्या साहेबाने पुन्हा तेच पुलाचं पुराण लावलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एसी गाडीतून जाता, आम्ही इथे राहतो." काय टाळ्या पडल्या! त्याचं तोंड एवढंसं झालं. "मी लेखी दिलंय," एवढंच म्हणाला. दे बाबा, कागद तुझाच आहे.

लोकशाही म्हणजे हे असेल तर मला फार आवडली. उद्या सगळ्यांना शेवभाजी!

सोमवार, २४ नोव्हेंबर

गॅप उघडला. अगदी माझ्या दारासमोर! मामांनी नारळ फोडला आणि पहिला डबा तेच घेऊन गेले. हात दाखवून टेम्पो थांबवत, राजासारखे. कॉर्पोरेटरने स्वतःचा बोर्ड लावलाय, पण गल्ली म्हणते 'सुषमाताईचा गॅप'. हेमराज म्हणे, फार उडू नकोस. उडणार!

रविवार, ३० नोव्हेंबर

एक बाइकवाला मामांना अगदी चाटून गेला. मामांनी भर रस्त्यात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा अहिराणीत उद्धार केला. हसून हसून पोट दुखलं.

सोमवार, ८ डिसेंबर

लोटूमामा गेले. पुलावरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याला दिसलेच नाहीत. हातात माझाच डबा होता.

पोलीस विचारत होता, नेमकं कुठे झालं. शोभाने सांगितलं — "सुषमाताईच्या गॅपमध्ये."