चहाडखोर सेल

बाबा, आज शनिवार, अर्ध्या दिवसाने सुटले आहे, आणि सोमवारी सकाळी मला एका कागदावर सही करायची आहे किंवा करायची नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी असलं काही अंगावर आलं की मी तुम्हालाच विचारते आणि तुम्ही उत्तर देत नाही. जिवंत होता तेव्हाही फारसं देत नव्हता म्हणा, त्यामुळे मला त्याची सवय आहे. आत आई खोबरं खवते आहे. उद्या तुमचा म्हाळ. पाळीहून चुलतभाऊ येईल, शेजारचे चार जण जेवायला येतील, आणि तुमच्या पानावर तुम्हाला लागायचं तसं तिरफळं घातलेलं भाज्यांचं खतखतं वाढलं जाईल. मी पुढच्या खोलीत खिडकीशी बसले आहे. आईला वाटतंय ऑफिसचं काम चाललंय, आणि ते तसं अगदी खोटंही नाही.

मी तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. विजेवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षांच्या बॅटऱ्या जोडायची शेड आहे, आणि तयार झालेली पेटी तपासायचं काम माझ्याकडे आहे. आपल्या घरात बॅटरी म्हणजे दोनच, एक आईची न्हाणीकडे जायची टॉर्च आणि दुसऱ्या तुमच्या खाणीवरच्या डंपरच्या, ॲसिडवाल्या. माझ्या ह्या तिसऱ्या. एका पेटीत एका ओळीत पंधरा सेल, प्रत्येक जाड पुस्तकाएवढा, आणि तुम्ही हसाल, पण त्यांतले बहुतेक लोखंडाचे. म्हणजे त्यांच्या पोटात जी पूड असते तिच्यात लोखंड असतं. ज्या लोखंडाच्या मातीने आपल्या घराचे पडदे आयुष्यभर तांबडे ठेवले, त्याच्यावर आता रिक्षा चालतात.

लोखंडाचा सेल स्वभावाने गरीब. वर्षानुवर्षं टिकतो, सहसा पेटत नाही. त्याची एकच खोड, तो सांगत नाही. भरलेला असो की तीन हिस्से रिकामा, मीटर लावा, जवळजवळ तोच आकडा. कधीही विचारा, बरं आहे. आणि मग संपत आला की एकदम खाली. रिक्षा माल घेऊन चढावावर मध्येच थांबायच्या, समोर काट्यावर अजून तिसरा हिस्सा शिल्लक दिसत असताना, आणि रिक्षावाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणून वरच्या इंजिनीयर लोकांनी युक्ती काढली. पंधरांतले दोन सेल निकेलचे घालायचे. निकेलचा सेल जसजसा रिकामा होतो तसतसा त्याचा आकडा उतरत जातो, काही लपवत नाही. ओळीत सगळ्यांमधून करंट एकच वाहतो, तेव्हा त्या दोघांकडे बघितलं की बाकीच्या तेरांच्या पोटात काय उरलंय ते कळतं. लाइनवरच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवलं, चहाडखोर. ‘ताई, चहाडखोर संपले, दुसरा खोका काढा.’ सगळ्या हसल्या. मी खोका काढून दिला.

तुमच्या बॅटरी रूममध्ये मी पाचवीत असताना रोज चार वाजता यायची, शाळेतून परस्पर, तुमचा चहाचा थर्मास घेऊन. लांब खोली, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर बॅटऱ्या, डोळे चुरचुरतील असा वास, आणि तुम्ही, शर्टाला ॲसिडची बारीक बारीक भोकं पडलेले. चार्जिंग झालं की तुम्ही ओळीवरून हात फिरवत चालायचात, उलटा हात, बोटांची पाठ. मी विचारलं का, तर म्हणालात, ‘तळवो फसयता. जनावरासारको धरून बसता. फाटलो हात खरें सांगता.’ विजेचा झटका बसला तर तळहात आवळतो आणि सुटत नाही, उलटा हात आपोआप फेकला जातो, हे मला पुढे डिप्लोमाला कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तुम्ही एखाद्या बॅटरीशी थांबता, परत मागे जाता आणि म्हणता, ‘ही पळय, बाय, हिका ताप आयला.’ मग ॲसिड ओढून घ्यायची ती काचेची नळी तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर धरायचात, आतला तरंगता काटा कुठे थांबला ते मी वाचायची आणि तुम्ही वहीत लिहायचात. मला वाटायचं तुम्ही मला शिकवताय.

तुम्हाला आकडे दिसत नव्हते हे मला कधी उमगलं आठवत नाही, पण त्या वर्षीच्या गणेशचवथीच्या आधीच. तुमचे खाणीवरचे साहेब गणपतीला आले होते. त्यांच्या पुढ्यात नेवऱ्यांची ताटली, तुम्ही नवा शर्ट घालून उभे, बसायला तयार नाही. साहेबांनी मला जवळ घेऊन विचारलं, बाबांना मदत करतेस की नाही. आणि मी, केवढ्या तोऱ्यात, ‘हांव बाबाक आंकडे वाचून दितां. ताका दिसना न्हय.’ साहेब हसले. नेवरी संपवली. पंधरा दिवसांत तुमची बदली झाली, बॅटरी रूममधून गेटवर, ट्रक आला की आडवा बांबू वर करायचा आणि गेला की खाली. तुम्ही मला हात लावला नाहीत. जेवताना पानावरून मान वर न करता एकच वाक्य बोललात, ‘घरचें भायर सांगपाचें न्हय, बाय.’ आणि पान अर्धं टाकून उठलात. आई मध्ये पडली असती, पण तिला काय झालंय तेच कुणी सांगितलं नव्हतं.

आज तपासणीवाली म्हणून बघितलं तर त्या साहेबांनी केलं ते बरोबर होतं. ज्याला काटा दिसत नाही त्याने ॲसिडच्या खोलीत असू नये. पण त्या गेटवर तुम्ही जवळजवळ नऊ वर्षं ट्रकांची तांबडी धूळ खाल्लीत, तीही माझ्याच एका वाक्यामुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मला एकत्र धरता येत नाहीत. तेव्हापासून मी सांगायचं सोडलं. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, विचाराल तेव्हा बरं आहे.

आता पेटीचं ऐका. पूर्वी सगळे सेल लोखंडाचे होते तेव्हा उष्णता मोजायच्या तारा ओळीच्या मधोमध चिकटवलेल्या असत. निकेलचे आले ते ओळीच्या टोकाला, पेटीच्या कोपऱ्यात, जिथे हवा जात नाही. पेटीच्या नकाशात सेल बदलले, तारा होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे सांगणारे दोघं कोपऱ्यात आणि कान लावलाय गप्प बसणाऱ्यांना. नवा नकाशा दाखवला त्या मीटिंगमध्येच मी हे बघितलं होतं, बाबा. तोंड उघडलं होतं. मग वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी विचार केला असेलच, आपण कशाला. आणि त्या नकाशावर खाली तपासलं म्हणून सही केली.

गुरुवारी झाकण न लावलेली एक पेटी भरभर चार्ज करून बघत होतो. माझ्याबरोबर काम करणारी चंदगडची बाई आहे, पन्नाशीची, शाळेत गेलेली नाही, पण हात शहाणा. ती म्हणाली, ‘ताई, ह्यो कोपरा जादाच तापतोय बघा. मशिनीत तर काय दिसंना झालंय.’ मी हात पुढे केला. उलटा. तेरा सेलांवरून तो नुसता कोमट गेला आणि चौदाव्यावर थांबला. मी मागे आले, परत गेले. ‘हिका ताप आयला’ असं मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग वेगळा तापमापक लावला, आकडा हद्दीच्या बराच वर. लोखंडाचा तापला तर बहुधा फुगून पडून राहतो. निकेलचा पेटतो, आणि शेजाऱ्यांना घेऊन पेटतो. पेटी असते चालकाच्या सीटखाली.

आमच्या शेडचे साहेब वाईट माणूस नाहीत. हल्ली वाईट माणसं भेटत नाहीत, त्यामुळे फार अडचण होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, ‘मॅडम, मशिनच्या रिपोर्टात सगळं ठीक आहे ना? मग हाताचं कशाला लिहिता? चाळीस पेट्यांची झाकणं चिकटवून झाली आहेत. हा लॉट जाऊ दे, पुढच्यापासून तारा हलवू.’ मी म्हटलं, आधी चार्जिंगचा जोर कमी करू, तारा हलवू, मग पाठवू. ते म्हणाले, तोवर काम दुसऱ्या कारखान्याकडे गेलेलं असेल, बाजूच्या शेडला कुलूप कसं लागलं ते तुम्ही बघितलंय. बघितलंय. त्या शेडमधल्या तिघी आता आमच्याकडे आहेत. मी उठताना ते अगदी हळू म्हणाले, ‘आणि चौकशी झालीच तर नकाशावर सही कोणाची, तेही बघतील.’ दार उघडं होतं, तरी मला तिथून बाहेर पडायला वेळ लागला. शुक्रवारी लाइनवर कुणी माझ्याशी बोललं नाही. चंदगडची बाईसुद्धा माझ्याकडे न बघता सेल पुसत होती. तिचा मुलगा तसलीच रिक्षा चालवतो, म्हापशाला.

मला तुमचा राग येतो, बाबा. हे इतकी वर्षं लिहिलं नव्हतं. डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास करायला मी घरी आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात मागच्या दाराशी बसला आहात, पुढ्यात चहा, हातात उंडा पाव, सकाळची वेळ, अजून ऊन नाही, आणि तुमच्या मानेवरून घाम वाहतोय. डावा हात तुम्ही दुसऱ्या हाताने धरलाय. मी तुमच्या कपाळाला उलटा हात लावला. गार होतं, ओलं गार. तुम्ही म्हणालात, ‘म्हाका कांय जावंक ना. गॅस जाला. आवयक सांगूं नाका, ती उगीच भियेतली.’ आणि उंडा चहात बुडवून खाल्लात, सगळा, मला दाखवायला. मी नाही सांगितलं. तो दिवस गेला, दुसरा गेला, दोन्ही दिवस तुमचा आकडा तोच. तिसऱ्या दिवशी तुम्ही उठला नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतंय असं काही बोलले होते का. आई म्हणाली, ‘ना हो, काल मेरेन बरे आशिल्ले.’ कालपर्यंत बरे होते. मी बाजूला उभी होते.

तर लिहिलाय मी अहवाल. आत्ताच, ह्या कागदाच्या आधी. कोणता सेल, किती तापला, तारा कुठे हव्यात, आणि नकाशा तपासताना हे मला दिसलं होतं पण मी बोलले नाही, हेसुद्धा. पेट्या पाठवायच्या परवानगीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि एक प्रत वरच्या ऑफिसला पाठवीन. मग बहुधा मलाही कुठलं तरी गेट मिळेल. कुलूप लागलं तर बायका मला शिव्या देतील आणि त्यांचं चुकणार नाही. तरी तो कागद मी फाडणार नाही, इतकं मला माझं कळतं.

आई हाक मारते आहे, ‘येगो बाय, तिरफळां खंय दवरल्यांत?’ तिरफळं तिच्या समोरच्या डब्यात आहेत. हे पत्र घडी करून तुमच्या त्या जुन्या वहीत जाईल, जिच्यात अर्धे आकडे माझ्या डोळ्यांचे आहेत. उद्या पानं मांडली की दरवर्षीप्रमाणे कुणीतरी विचारेल, एकदम कसे गेले हो, आणि आई पदराने हात पुसत म्हणेल, ‘काल मेरेन बरे आशिल्ले.’ चाळीस पेट्या मी अडवल्या, बाबा. पण ती ते म्हणेल तेव्हा मी भात आणायला आत जाईन, हे मला आजच ठाऊक आहे.