बसूनच वाचा, मामंजी

मामंजी,

ही चिठ्ठी बसूनच वाचा. वाचून झाली तरी ताडकन उठू नका. काल पोस्टमन दिसला तसं तुमी ताडकन उठला आन अंगणात भोवळ येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नपाणी नसलं आन एकदम उभं ऱ्हायलं, की रगत पायातच ऱ्हातंय, डोक्यापत्तूर पोचत न्हाई. कैदेत तुमच्या लेकाला मिळत नसंल म्हणून तुमी रातची भाकरी म्हशीला घालताय, ते मला ठावं हाय. डॉक्टरांना सांगितलं न्हाई.

उशाला ताक आन भाकरी झाकून ठेवलीया. आधी खावा, मग फुडं वाचा.

खाल्लं? आवं, तार आली! विंग्रजीत हाय, म्हणून मास्तरांकडनं मी दोनदा वाचून घेतली. सुटले! जपान्यांच्या कैदेतनं सुटले, आज दुपारच्या गाडीनं कराडला उतरत्यात! मोहिद्दीनभाईंच्या टांग्यातनं मी टेसनावर चालले. एवढ्या गर्दीत नाव घेऊन हाक तरी कशी मारू? पन गाठीन.

तुमी मागनं येऊ नका. ते दारात आले तरी उठू नका. पाया पडायला तेच वाकतील.

विजयमाला