पोटापुरता पगार

पुणे
१७ जून २००७

बापू,

तुमाला आणि याडीला, दोघा मायबापांना पाया पडून राम राम. मी इथं मजेत हाय. पेरणीचं काय ठरलं? यंदा पण सगळं सोयाबीनच का थोडी तूर टाकून राहिले? म्हशीचा पाय बरा झाला असं पुजावहिनी म्हणाली, ते ऐकून बरं वाटलं.

फोन असताना हिला पत्र लिहायची काय हौस आली असं तुमी म्हणाल. तर बापू, फोनवर तुमी येता कुठं? मी फोन लावला की याडी म्हणते, "ते आत्ताच गोठ्यात गेलेत बाई." सरकारी नोकरी सोडून मी पुण्याला आले तेव्हापासून तुमी गोठ्यातच हाय. दोन म्हशी आणि एक वासरू, त्यांचं एवढं काय काम निघतं मला तर समजत न्हाई. पण पत्र आलं की तुमाला राहवत न्हाई. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, पोस्टाच्या शिक्क्यासगट वाचून काढता. म्हणून पत्र. एकच करा, हे प्रेमदासकाकाच्या दुकानासमोर फोडू नका. घरी नेऊन वाचा. यात आकडे हायेत.

तुमी याडीच्या तोंडून जो निरोप धाडला होता तो मला पोचला. सरकारी भरतीचा फॉर्म हिंगोलीहून तुमी स्वतः आणला, पोस्टानं धाडला, आणि वर सांगितलं की हा भर. प्रायव्हेटवाल्यांनी सरकारी पगाराच्या तिप्पट दिला तर तिथं राहा, मी तोंडातून शब्द काढणार न्हाई. न्हाई दिला तर गुमान परत ये. मी याडीला व्हय म्हणाले. याडीनं तुमाला व्हय सांगितलं. म्हंजे आपली दोघांची पैज लागली, दोघं एकमेकांशी बोलत नसताना. असं आपल्याच घरात होऊ शकतं.

फॉर्मचं लिहिते. आधी पगाराचं लिहू द्या.

तुमी याडीला विचारलं होतं म्हणं, की पोरगी दवाखान्यात हाय पण सुई टोचत न्हाई, औषध देत न्हाई, मग पगार कशाचा घेते? बराबर हाय तुमचं. मला पण पहिलं वर्ष हेच वाटायचं. आता दवाखान्यांना मानांकन मिळतं. बाहेरून तपासणारे येतात, दोन-तीन दिवस कोपरा न् कोपरा बघतात. डॉक्टर हात धुतात का, औषधाच्या बाटलीवर तारीख हाय का, आग लागली तर पेशंट कुठून काढणार. सगळं नियमात असलं तर दवाखान्याला मानांकन देतात. त्याच्या आधी वर्षभर सगळ्यांच्या मागं लागून ते नियमात आणायचं, हे माझं काम. म्हंजे खरं सांगायचं तर सगळ्यांचं डोकं खायचं. त्या कामाला मी तुमच्याच घरात तयार झाले.

मागच्या वर्षीचं एक सांगते. बायकांच्या वॉर्डात दोन सखुबाई आल्या होत्या. दोघी म्हाताऱ्या, दोघींना नऊवारी, दोघी दिवसभर घोरायच्या. एकीला साखरेचा आजार, दुसरीला नुसतं गुडघ्याचं दुखणं. नर्स पोरगी साखर उतरवायचं इंजेक्शन घेऊन गुडघ्यावालीकडं गेली. मी तिथंच रजिस्टर बघत उभी होते म्हणून विचारलं, "आजी, गाव कोणतं?" गाव कागदावरच्यापेक्षा दुसरंच निघालं. पोरगी जी रडायला लागली ती थांबेना. त्या दिवसापासून आमच्याकडं कुणालाही सुई टोचायच्या आधी पूर्ण नाव आणि गाव विचारायचं, आणि हातातल्या पट्टीशी जुळवायचं, असा नियम मी करून घेतला. मोठे डॉक्टर आधी हसले. आता स्वतः विचारतात. एखाद्या दिवशी मी वॉर्डातून जाते आणि पलीकडून कुणी तरी विचारतं, "मावशी, गाव कोणतं?" तेव्हा बापू, मला लई आनंद होतो. हे मी कुणाला सांगत न्हाई. तुमाला सांगून राहिले.

आता मुलाखत. आमच्याच मालकांचा दुसरा, मोठा दवाखाना हाय, पण तिथला कारभार आणि पगाराच्या वह्या वेगळ्या. तिथं ह्याच कामाची मोठी जागा निघाली. माझ्या हाताखाली पाच-सहा माणसं राहणार, दोन दवाखाने बघायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं. तिघं बसले होते. मोठ्या डॉक्टर मॅडम, एक रिटायर झालेले म्हातारे डॉक्टर, आणि नोकरभरतीचे साहेब, टायवाले. कामाचं सगळं विचारलं, सगळं आलं. मॅडम खूश दिसल्या. मग टायवाल्या साहेबांनी वही पुढं ओढली आणि विचारलं, "सध्याचा पगार किती?"

आता मला सध्या अठरा हजार मिळतात. आणि माझ्या तोंडातून निघालं, "चौदा."

काहून निघालं? तुमी विचारता काहून? खळ्यावर पोत्यांची थप्पी तुमच्या डोक्याच्या वर गेलेली असायची, रस्त्यानं जाणारा विचारायचा, "वसरामभाऊ, किती झालं?" आणि तुमी थप्पीला पाठ करून म्हणायचे, "कशाचं काय, पोटापुरतं." याडीला कुणी दुधाचं विचारलं की ती म्हणायची, निम्मं तर वासरूच पिऊन टाकतं. मी बारावीला जिल्ह्याच्या गावात पहिल्या पाचात आले, पेढे वाटायच्या ऐवजी याडीनं सगळ्या तांड्याला काय सांगितलं? "पास झाली." बास! नजर लागते म्हणून. मी तीस वर्षांची घोडी झाले, नियमाच्या शंभर पुस्तकांवर सह्या केल्या, पण चार अनोळखी माणसांसमोर कमाई विचारली की माझी जीभ आपोआप खाली उतरते. मला बोलल्यावर कळलं की मी काय बोलले.

साहेबांनी चौदा लिहून घेतले. मग समजावून सांगितलं, की आमचा नियम असा, चालू पगारावर तीस टक्के वाढ, त्याच्या वर जात न्हाई. गणित करून म्हणाले, साधारण अठरा होतील, चालेल का?

हसू नका बापू. एवढी मोठी खुर्ची, दुप्पट काम, आणि पगार तोच जो मी आत्ता खाऊन राहिले. आणि मी म्हणाले, "विचार करून सांगते." काय विचार करणार होते, देव जाणे. बाहेर येऊन मी चहा मागवला आणि चहा थंड होईपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या. आपल्या बोलीत दिल्या. मराठीत तेवढ्या चांगल्या न्हाईत.

दोन दिवसांनी त्यांनी पगाराची पावती मागितली. ती तर द्यावीच लागते. दिली. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, तेच तिघं. साहेबांच्या एका हातात त्यांची वही, दुसऱ्या हातात माझी पावती.

"तुम्ही चौदा सांगितलेत. इथे अठरा आहेत," ते म्हणाले. "मी वीस वर्षं हे काम करतोय. पगार वाढवून सांगणारे रोज येतात. कमी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कारण कळेल का?"

काय सांगणार? काही तरी इंग्रजी बनवाबनवी करता आली असती. पण मला वाटलं, एक खोटं निस्तरायला दुसरं कुठं शिवत बसू. मी म्हणाले, "नजर लागू नये म्हणून."

ते म्हातारे डॉक्टर असे हसले, असे हसले, की त्यांना ठसका लागला आणि मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांची आई म्हणे आयुष्यभर लेकाला "कंपाऊंडर आहे" म्हणून सांगायची. मॅडम पण हसल्या. मी खळ्याचं सांगितलं, तुमचं पोटापुरतं सांगितलं, वासराचं सांगितलं. तुमी आता पुण्यात चांगलेच ओळखीचे झालेत.

टायवाले साहेब काही हसले न्हाईत. ते म्हणाले, "मॅडम, गंमत ठीक आहे. पण ज्या बाईंनी दोन दवाखान्यांचे आकडे खरे ठेवायचे, त्या स्वतःचा एक आकडा खरा सांगू शकत नाहीत. मी यांच्या कागदावर सही कशी करू?"

हे बापू, मला लागलं. कारण ते बराबर होतं. माझं तर रोजचं सांगणं असतं, जे केलं तेच लिहा, जे लिहिलं तेच करा. आणि मीच. मी म्हणाले, साहेब, तुमचं बराबर हाय, माझी चूक हाय, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी पण सही केली नसती.

मग मॅडमनी विचारलं, "बरं. आता नजरेची भीती सोडा आणि सांगा. तुमची अपेक्षा किती?"

मी घरून तयारी केली होती, बावीस म्हणायचं, फार झालं तर चोवीस. जास्त मागितलं तर हातची जाईल असं वाटून राहिलं होतं. आणि साहेबांचं ऐकल्यावर तर जीभ विसावर यायला बघत होती. पण मग मला वाटलं, हे पण परत तेच हाय की. थप्पीला पाठ करून उभं राहणं. मला माझ्या कामाची किंमत माहीत हाय आणि मी ती खाली करून सांगून राहिले. म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "तीस हजार. आणि तो आकडा खरा हाय."

साहेबांनी वहीत लिहिलं. म्हणाले, कळवू.

मग आठवडाभर कुणाचा काही पत्ता न्हाई. मी रोज फोनकडं बघायची आणि मनातल्या मनात टायवाल्या साहेबांना दहा नावं ठेवायची. परवा चिठ्ठी आली. तीस टक्क्यांचा नियम मॅडमनी बाजूला ठेवायला लावला आणि तीस हजार दिले बापू. आणि सही कुणाची, तर त्याच साहेबांची. खाली हातानं लिहिलं होतं, यापुढे आकडा पहिल्यांदाच खरा सांगावा.

लिहून टाकलं बघा, तीस हजार. सरकारी पगार धरा दहा, त्याची तिप्पट. आपल्या घराण्यात कुणी स्वतःची कमाई शाईनं कागदावर लिहिलेली ही पहिलीच वेळ असंल. याडीला म्हणावं, मीठ-मोहरी पाहिजे तेवढी उतरव, पण कुणी विचारलं तर "पोरगी पोटापुरतं कमावते" असं या वेळेला सांगू नको.

आणि तुमी पण सांगू नका. तुमी तांड्यावर काय सांगून ठेवलंय ते मला माहीत हाय. पुजावहिनीनं सांगितलं. पोरीची सरकारनंच पुण्याला बदली केली म्हणं! नायकांच्या घरच्या लग्नात चार माणसांत सांगितलं. मी आधी लई चिडले. वहिनीवर पण चिडले, ती बिचारी नुसती सांगत होती. मग मला वाटलं, तुमाला माझी शरम वाटून राहिली म्हणून तुमी ते सांगितलं, आणि ते वाटल्यावर मी चिडले न्हाई, रडले. तकलीफ तुमाला झाली हे मला समजतं. डोंगर-दऱ्या तुडवून तुमी मला शाळेत धाडलं, ते ह्याच एका नोकरीसाठी, जी कुणी काढून घेऊ शकत न्हाई. आणि ती मी माझ्या हातानं सोडली. तुमच्या जागी मी असते तर मी पण गोठ्यात गेले असते.

आता फॉर्म. टाळून टाळून इथवर आले, आता कागद पण संपत आला.

भरला न्हाई बापू. मे महिन्याच्या शेवटी तारीख संपली. मी विसरले न्हाई, पोस्टाचा पण दोष न्हाई. टेबलावर समोर ठेवला होता, पेन हातात होतं, आणि माझ्याच्यानं नाव लिहिलं गेलं न्हाई. तेव्हा मुलाखत झाली नव्हती. तिप्पट मिळणार का निमपट मिळणार काही ठाऊक नव्हतं. मी याडीला "बघते, बघते" म्हणत राहिले आणि तुमाला वाटत राहिलं की भरला असंल.

म्हणून ही पैज मी जिंकले असं धरू नका. तीस मिळाले, ते चांगलंच झालं, मी दोन दिवस नाचून राहिले. पण अठरा राहिले असते, अगदी त्यांनी चौदावर आणलं असतं, तरी मी परत आले नसते. हे मला त्या दिवशी माहीत होतं जेव्हा मी व्हय म्हणाले. तुमी आकड्यावर पैज लावली आणि आकडा निघाला, म्हणून हे झाकून ठेवणं मला सोपं होतं. तुमाला पण बरं वाटलं असतं. पण मग माझ्या कामाला तुमी तीस हजारांमुळं मान दिला असता, आणि उद्या ते गेले तर मान पण गेला असता. मला तो तसा नको. हे काम मला आवडतं, बापू. मला तिथं राहू द्या. पगार किती का असंना, एकदा तुमच्या तोंडून "राहा" ऐकायचंय.

रागवायचं असलं तर या आणि रागवा. हिंगोलीहून रात्रीची गाडी थेट हाय, सकाळी मी स्टँडवर उभी राहते. याडीला पण आणा. माझं ऑफिस दाखवते, टायवाल्या साहेबांना भेटवते, त्यांना तुमाला बघायची लई इच्छा हाय.

कुणाच्या बदलीनं न्हाई, स्वतःच्या मर्जीनं इथं राहिलेली,
तुमची लेक
निलम